बातमी पोचवायची कुणाला

स्पेनमधल्या वॅलेन्सिया क्लबच्या मेस्ताया या फुटबॉल मैदानात एक प्रेक्षक असा आहे की तो एकही सामना चुकवत नाही. मुख्य स्टँडच्या पंधराव्या रांगेत, 164 नंबरच्या खुर्चीवर तो बसलेला असतो. ब्राँझचा आहे. जिवंत होता तेव्हाही त्याची जागा हीच होती. 54 व्या वर्षी त्याची दृष्टी गेली, पण सीझन तिकीट काही त्याने सोडलं नाही. मुलगा शेजारी बसायचा आणि मैदानात काय चाललंय ते त्याला सांगत राहायचा. 2019 मध्ये क्लबची शंभरी झाली, तोवर तो गेला होता. क्लबने त्याचा पुतळा त्याच्याच जागी बसवला.

या पुतळ्याचे फोटो जगभर फिरले. मला त्या फोटोत नसलेल्या मुलाचं जास्त कौतुक वाटतं. शेजारच्या माणसाला मॅच सांगणं हे सोपं काम नाही. रेडिओवरचा समालोचक कुठल्याच बाजूचा नसतो, म्हणून त्याला जमतं. इथे आपणच ओरडायचं, आपणच डोकं धरायचं आणि त्याच दमात सांगायचं की चेंडू डावीकडून आत आलाय, आपला नऊ नंबर एकटा आहे, मारला आणि गेला, बारवरून गेला. लगेच शेजारून प्रश्न येणार, ‘ऑफसाइड होता का?’ दर वेळी त्या मुलाने खरंच सांगितलं असेल का, याची मला शंका आहे. चार गोल खाऊन बसलेल्या संघाबद्दल मी तरी बापाला जरा बरं करून सांगितलं असतं.

जवळचं माणूस गेलं की त्याला सांगण्यासारखं हळूहळू काही उरत नाही. त्याच्या ऑफिसातले लोक आपल्या ओळखीचे नसतात. त्याची दुखणी त्याच्याबरोबर संपतात. ज्या भांडणांत तो हिरिरीने पडायचा ती एक तर मिटतात, नाही तर त्याच्यावाचून चालू राहतात. क्लब मात्र दर आठवड्याला ताजी बातमी तयार करतो. मॅनेजरला काढलं. गोलकीपरचा खांदा निखळला. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी घालवली. आणि ही बातमी सगळ्यांत आधी ज्याला सांगायची, नेमका तोच नसतो. चाहत्यांचं दुःख इतरांपेक्षा मोठं असतं असं मी म्हणणार नाही. पण ते शिळं होत नाही, एवढं खरं.

माझा मोठा भाऊ न्यूकॅसल युनायटेड या इंग्लंडमधल्या क्लबचा. कसा काय, याचं उत्तर 3 एप्रिल 1996 या तारखेत आहे. त्या हंगामात मॅनेजर केव्हिन कीगनचा न्यूकॅसल जानेवारीत 12 गुणांनी पुढे होता आणि नंतर ती आघाडी त्याने अशी उधळली की आजही लोक त्याचा दाखला देतात. त्या रात्री लिव्हरपूलने त्यांना 4-3 हरवलं. शेवटचा गोल कॉलिमोरचा, भरपाईच्या वेळेत. कॅमेरा कीगनवर गेला तर तो मैदानाकडेच्या जाहिरातीच्या फळीवर ओणवा झालेला, मान खाली घातलेली. टीव्हीसमोर बसलेल्या दादाला तो माणूस आवडला, झालं. जिंकणाऱ्यांच्या बाजूला जायला त्या वेळी काही हरकत नव्हती, मँचेस्टर युनायटेड शेजारच्या चॅनलवर उपलब्ध होतं. त्याने हरणाऱ्याला निवडलं आणि मागाहून मलाही त्यात ओढलं. गोलांचा रतीब घालणारा शिअरर आला, शिअरर निवृत्त झाला. 2009 मध्ये संघ खालच्या लीगमध्ये गेला, 2016 मध्ये पुन्हा गेला. दादा जाहीरपणे दर मे महिन्यात क्लब सोडायचा आणि ऑगस्टमध्ये परत यायचा.

न्यूकॅसलचं मैदान त्याने कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. ज्यांचं मैदानात सीझन तिकीट नाही ते खरे चाहते नाहीत, असं मानणारे लोक आहेत. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलंय. ज्या माणसाचा रविवार हजारो मैलांवरच्या निकालाने नासतो, त्याची आणखी काय परीक्षा घ्यायची?

2023 च्या ऑक्टोबरात न्यूकॅसल कैक वर्षांनी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळत होता, आणि दादा हॉस्पिटलमध्ये होता. पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्धचा सामना आम्ही मोबाइलवर पाहिला. मोबाइल त्याने पोटावर ठेवलेल्या उशीला टेकवला होता, आणि त्याला खोकला आला की चित्र हलायचं. आवाज बंद. 4-1 ने जिंकलो. त्यातला एक गोल डॅन बर्नचा, हेडर. बर्न म्हणजे साडेसहा फुटांचा बचावपटू, त्याच भागात वाढलेला, लहानपणापासून याच क्लबचा चाहता, आणि अकराव्या वर्षी याच क्लबच्या अकादमीने ‘तू नको’ म्हणून घरी पाठवलेला. दादाचं त्याच्यावर खास प्रेम होतं, कारण तो पळताना कपाट सरकवल्यासारखा दिसतो. त्या गोलानंतर दादाने हात वर केला, सलाइनची नळी ताणली गेली आणि यंत्र टिंटिं करायला लागलं. सिस्टर आल्या. त्यांनी नळी नीट केली, स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, ‘आपले कुठले?’ काळे-पांढरे, असं आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं.

नोव्हेंबरात तो गेला.

आता यापुढचं जे सांगणार आहे ते फॅन्टसी लीग न खेळणाऱ्यांना जरा वेडगळ वाटेल. या खेळात आपण खऱ्या खेळाडूंचा संघ मांडतो, आणि ते खऱ्या सामन्यांत जे करतात त्याचे गुण आपल्याला मिळतात. एका क्लबचे जास्तीत जास्त तीन खेळाडू घेता येतात. आमच्या नातेवाइकांची अशी एक लीग आहे. दादा न्यूकॅसलचा तीनचा कोटा दर वर्षी डोळे मिटून भरायचा. त्या वर्षी त्याच्याकडे गोलमध्ये पोप होता, मागे ट्रिपियर, पुढे इसाक, आणि कप्तानही इसाकच. कप्तानाचे गुण दुप्पट.

संघाचा मालक गेला हे त्या खेळाला कळत नाही. दर आठवड्याला संघ आपोआप पुढे सरकतो, काल होता तोच आज. डिसेंबरच्या सुरुवातीला पोपचा खांदा निखळला आणि तो काही महिन्यांसाठी बाहेर गेला. दादाच्या संघात त्याच्या नावापुढे लाल खूण आली आणि तिथेच राहिली, कारण ती बदलणार कोण? मार्चमध्ये ट्रिपियरही जखमी झाला. जिवंत माणसाने त्या दोघांना केव्हाच काढून टाकलं असतं. पण इसाक सुसाट सुटला होता. त्या हंगामात लीगमध्ये त्याने 21 गोल केले, आणि त्याचे दुप्पट गुण दादाच्या खात्यात निमूटपणे जमा होत राहिले. मी सोमवारी सकाळी आधी त्याचे गुण बघायचे, मग माझे. मे महिन्यात यादी बंद झाली तेव्हा दादा शेवटून दुसरा होता. शेवटचा नंबर आमच्या मावसभावाचा, जो सगळा हंगाम धडधाकट जिवंत होता. त्याला आजही यावरून बोलणी खावी लागतात.

ऑगस्टमध्ये नवा हंगाम आला आणि पाटी कोरी झाली. ज्यांनी नव्याने संघ नोंदवला त्यांचीच नावं यादीत आली. ती यादी उघडल्यावर मला जे झालं ते नोव्हेंबरातसुद्धा झालं नव्हतं. नोव्हेंबरात माणसं होती, फोन होते, कागदपत्रं होती. इथे एक ओळ कमी झाली होती, बस. त्या वर्षी दादाच्या मुलीने स्वतःचा संघ नोंदवला. त्यात न्यूकॅसलचा एकच खेळाडू. दादाने तिला घरात घेतलं नसतं.

मग आली 16 मार्च 2025. लीग कपची फायनल, वेम्बलीवर, समोर लिव्हरपूल. न्यूकॅसलने इंग्लंडमधला मोठा करंडक शेवटचा जिंकला होता 1955 मध्ये. युरोपातला 1969 चा फेअर्स कप धरला तरी मध्ये 56 वर्षं कोरडी. या काळात फायनलला पोचणं जमायचं, तेवढंच. 1974 मध्ये हरले, 1976 मध्ये हरले, 1998 आणि 1999 मध्ये लागोपाठ हरले. 2023 मध्येही हरले, ती दादाने पाहिलेली शेवटची फायनल. हिशेब करून बघा. 1955 मध्ये दहा वर्षांचं असलेलं पोर 2025 मध्ये ऐंशीचं झालं. आणि 1969 नंतर जन्मून 2025 च्या आधी गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य, पहिल्या जर्सीपासून शेवटच्या मॅचपर्यंत, या कोरड्या काळात संपलं. अशा माणसांची गणती कुणी केली नाही, पण त्या शहरात घरटी एक तरी असणार. त्या शहराबाहेरच्या यादीत आमचा दादा.

पहिला हाफ संपत आला होता. ट्रिपियरने कॉर्नर घेतला आणि बर्नने, हो, त्याच बर्नने, गोलपासून बऱ्याच लांबून डोक्याने असा ठोकला की गोलकीपरला नुसता उडी मारल्याचा मान मिळाला. दुसऱ्या हाफमध्ये इसाक. मग शेवटी लिव्हरपूलच्या किएसाने एक फेडला आणि उरलेली मिनिटं छातीत धडधडत गेली. 2-1. शिट्टी वाजली. टीव्हीवर बाप्ये माणसं हमसून रडत होती, आणि त्यातले बरेच जण आपल्या शेजारच्या कुणाकडेच बघत नव्हते. वर बघत होते.

मला राग आला. आनंद झाला नाही असं नाही, पण आधी राग आला. एवढी वर्षं थांबलात, तर आणखी थोडं लवकर जमलं नसतं का? कुणावर रागवायचं हे मात्र कळेना. बर्नवर तर शक्यच नव्हतं. शेजारी बसलेल्या पुतणीने एक शब्द काढला नाही. थोड्या वेळाने उठून तिने कपाटातून दादाची जर्सी आणली, पाठीवर शिअररचं नाव आणि 9, त्यातला ‘9’ धुऊन धुऊन अर्धा निघालेला. ती तिने घातली. मग चक्क हायलाइट्स पाहायला बसली. जी मॅच आत्ता पाहिली, तिचीच हायलाइट्स.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हारजितीतल्या हारीने आम्हाला कधी फारसं रडवलं नाही. हरताना दादा नाही याचं वाईट वाटतं, पण मनात कुठेतरी येतं, वाचला बिचारा. जिंकणं अवघड जातं. त्याच वसंतात हे बऱ्याच ठिकाणी घडलं. इटलीतल्या बोलोन्याने 1974 नंतर पहिल्यांदा मोठा करंडक जिंकला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसने तर आपल्या इतिहासातला पहिला, 17 मे रोजी, एफए कप. त्या फायनलला पॅलेसच्या चाहत्यांनी स्टँडभर एक अवाढव्य चित्र उलगडलं होतं. एखाद्या महान खेळाडूचं असेल असं कुणालाही वाटलं असतं. ते होतं एका साध्या प्रेक्षकाचं, गोल झाल्यावर आपल्या दोन पोरांना कवेत घेतलेल्या बापाचं, जुन्या फोटोवरून काढलेलं. तो बाप आता हयात नाही. पोरं मोठी झालीत. क्लब म्हणजे काय, याची इतकी नेमकी कल्पना मालकांच्या जाहिरातखात्याला शंभर वर्षांत सुचली नसती.

जाहिरातखात्याचा विषय निघालाच आहे तर बोलून घेते. मैदानाबाहेरच्या विटेवर पैसे घेऊन नाव कोरून देण्याचा धंदा बरेच क्लब करतात. मला तो आवडत नाही. घेणाऱ्याच्या भावनेबद्दल तक्रार नाही. पण दुःखाला दरपत्रक लागलं की गंमत जाते. उलट जर्मनीत शाल्केच्या चाहत्यांसाठी गेल्सनकिर्शेनला जी स्मशानभूमी आहे, तिच्यात जागा ठेवल्यात 1904, कारण क्लबची स्थापना 1904 ची. हा वेडेपणा मला कळतो. हॅम्बुर्गलाही मैदानाजवळ चाहत्यांची दफनभूमी आहे आणि तिच्यात शिरायचं ते गोलपोस्टच्या आकाराच्या कमानीतून. यावर हसणाऱ्यांना हसू द्यावं. मेल्यानंतर का होईना, गोलमध्ये जायला मिळतंय.

सगळ्यांत जुनी हौस म्हणजे राख मैदानात टाकायची. ग्राउंड्समनला विचारलं तर तो हात जोडेल. राखेत क्षार असतात, गवत जळतं, म्हणून बहुतेक क्लबांनी हे थांबवून बाजूला स्मृतिबाग वगैरे केली. इंग्लंडमधल्या एव्हर्टन क्लबच्या गुडिसन पार्कमध्ये मात्र मैदानाच्या कडेने शेकडो चाहत्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. जागा संपली तेव्हा कुठे क्लबला नाही म्हणावं लागलं. हे मैदान 1892 चं. मे 2025 मध्ये पुरुषांचा संघ तिथला शेवटचा सामना खेळून नदीकाठच्या नव्या स्टेडियमला गेला. घर बदललं तर पुरलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न कित्येक घरांत चर्चेला आला असणार. गुडिसन पाडायचं नाही, ते क्लबच्या महिला संघाचं घर होईल, असं शेवटी ठरलं. म्हणजे ज्या आजोबांनी उभ्या हयातीत बायकांची मॅच पाहिली नाही, ते आता दर पंधरवड्याला पाहतायत. मला हे फार आवडलं.

आणि स्पेनमधल्या सेव्हियाच्या बेटिस क्लबची ती गोष्ट. बापाने मरताना सांगितलं, मला मॅचला नेत जा. मुलाने त्याचं सीझन तिकीट चालू ठेवलं आणि राख काचेच्या बरणीत घालून नेऊ लागला. काच आत न्यायची नाही, असा दारावर नियम. मग त्याने बापाला दुधाच्या रिकाम्या खोक्यात भरलं. गेली तीसेक वर्षं ही गोष्ट सांगितली जातेय आणि दर वेळी ऐकणारा आधी हसतो. मलाही हसू येतं. पण मेस्तायाच्या त्या मुलाचं आणि या मुलाचं काम एकच आहे. दोघेही बातमी पोचवतायत.

स्टँडमध्ये हे काम सगळे मिळून करतात तेव्हा काय होतं, ते न्यूकॅसलच्याच बाबतीत एकदा पाहिलं. जुलै 2014 मध्ये युक्रेनवर पाडलेल्या एमएच 17 या मलेशियन विमानात त्यांचे दोन चाहते होते. संघ न्यूझीलंडला सरावाचे सामने खेळणार होता, ते बघायला निघालेले. सरावाचे! त्यातल्या एकाने 1973 पासून जेमतेम एखादा सामना चुकवला असेल. बातमी आली तेव्हा सगळ्यांत आधी हलले ते संडरलंडवाले. हे दोन क्लब एकमेकांचे किती वैरी आहेत हे इथे सांगत बसत नाही. दादा ‘संडरलंड’ म्हणतच नसे, ‘ते शेजारचे’ म्हणायचा. त्यांच्या एका चाहत्याने फुलं घेण्यापुरते पैसे जमवायला घेतले, आणि जमले 30 हजार पौंडांहून जास्त. नंतर न्यूकॅसलचे प्रेक्षक सामन्याच्या 17 व्या मिनिटाला उठून टाळ्या वाजवू लागले. खेळ थांबत नाही. चेंडू चालू असतो, कधी आपल्याच गोलपाशी संकट असतं, आणि लोक टाळ्या वाजवत उभे. ‘त्या शेजारच्यांनी’ वर्गणी काढली हे दादाने मला फोन करून सांगितलं होतं. नंतर बराच वेळ तो काही बोलला नाही. ‘बरं, ठेवतो,’ म्हणाला.

मौनापेक्षा टाळ्या मला पटतात. मौनात हमखास कुणाचा तरी मोबाइल वाजतो आणि सगळा राग त्या मोबाइलवर निघतो. शिवाय ज्या माणसाने आयुष्यभर स्टँडमध्ये घसा फोडला त्याच्यासाठी गप्प बसायचं, हे जरा विचित्रच.

इसाकचं पुढे काय झालं ते फुटबॉल पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. करंडक आणला, आणि त्याच उन्हाळ्यात म्हणाला, मला जायचंय. सरावाला येईना, खेळेना. 1 सप्टेंबर 2025 ला साडेबारा कोटी पौंडांना गेला. कुठे? लिव्हरपूललाच.

तेव्हापासून आमच्या घरात वाद पेटलाय तो इसाक चूक की बरोबर यावर नाही, दादा काय म्हणाला असता यावर. गेलेल्या माणसाच्या तोंडी मतं घालणं हा चाहत्यांचा आवडता उद्योग आहे, त्याला उलट बोलता येत नाही ना. पुतणीचं म्हणणं, बाबांनी त्याचं नाव घरात उच्चारू दिलं नसतं. माझं म्हणणं, दोन दिवस आदळआपट केली असती आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला असता, जाऊ दे, करंडक तर दिला ना. मी अँडी कॅरलचा दाखला दिला. तोही 2011 मध्ये असाच लिव्हरपूलला गेला होता, साडेतीन कोटींना, आणि आठ वर्षांनी परत आला तेव्हा दादा हरखला होता. ‘पोरगा घरी आला,’ म्हणाला होता.

‘कॅरल तिथलाच होता, आत्या,’ पुतणी म्हणाली. ‘आणि तो संपावर नव्हता बसला.’

एवढ्यावर ती थांबली नाही. तिने दादाचा जुना लॅपटॉप उघडला, ईमेल चाळले आणि कॅरल गेला त्या रात्री दादाने मला लिहिलेली लांबलचक मेल शोधून काढली. मी ती विसरून गेले होते. तिने ती मोठ्याने वाचून दाखवली, एकेका शब्दावर जोर देत, अगदी त्याच्याच सुरात. माझी बाजू तिथेच पडली. पुरावा म्हणून ती इथे देणार होते, पण तीत छापण्यासारखं एकच वाक्य आहे, आणि ते म्हणजे ‘प्रिय’च्या पुढचं माझं नाव.